‘टेक’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? आधी मराठीत सांगा

‘टेक’ हा इंग्रजी शब्द शब्दकोशात शोधला की तोमार, येवार, साकार, कोहेर, तार्दार अशी स्पॅनिश क्रियापदांची रांगच समोर येते. ‘नो’साठी (नकाराचा नव्हे, ‘माहीत असणे’वाला ‘नो’) दोन, ‘आस्क’साठी दोन, ‘बिकम’साठी पाच-सहा. नवा शिकणारा बिचारा रांगेतला पहिला शब्द उचलतो आणि बस पकडण्याऐवजी बस पिऊन टाकतो की काय, अशी धास्ती घेऊन वर्गात बसतो. (खरं तर लॅटिन अमेरिकेत बस आणि चहा दोन्हीला तोमार चालतं, पण त्याकडे नंतर येऊ.)

हा गोंधळ बराचसा उसना आहे. पुस्तकं इंग्रजी, ॲप इंग्रजी, शिकवणारेही बहुधा इंग्रजीतून शिकवतात. त्यामुळे इंग्रजीने एकाच शब्दात कोंबलेले अर्थ आपण आधी पाठ करतो आणि मग एकेक सोडवत बसतो. मराठीत ते मुळातच वेगळे असतात. म्हणून मराठी माणसाने स्पॅनिश शब्द निवडताना इंग्रजीचा वळसा टाळावा, असं माझं ठाम मत आहे. तो टाळायचा कसा, कुठे मराठीवर विसंबायचं आणि कुठे मराठीसुद्धा दगा देते, ते पायरीपायरीने पाहू.

उच्चारांबद्दल एक खुलासा. इथे स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात यातल्या काही ‘स’च्या जागी ‘थ’च्या जवळचा उच्चार ऐकू येईल. शब्दकोशात शोधताना लक्षात ठेवा: स्पॅनिशमध्ये ‘एच’ मुका असतो, आणि आपण इथे ‘ह’ लिहिलाय तिथे स्पेलिंगमध्ये ‘जे’ किंवा ‘जी’ असतो.

पायरी १: इंग्रजी शब्द झाका, अख्खं वाक्य मराठीत म्हणा

सुटा शब्द घेऊ नका, वाक्य घ्या. ‘टेक’चीच वाक्यं करून बघा. मुलीला शाळेत नेतो. औषध घेतो. फोटो काढतो. गाडीला दोन तास लागतात. बघता बघता चार वेगळी क्रियापदं झाली आणि स्पॅनिशही जवळजवळ याच रेषांवर तुटते. नेणे म्हणजे येवार. घेणे म्हणजे तोमार: चहा घेणे, औषध घेणे, निर्णय घेणे, सगळीकडे तोच. वेळ लागणे म्हणजे तार्दार.

साकार तर इतकं आपलं आहे की मजा वाटते. साकार म्हणजे काढणे, आणि आपण जे जे ‘काढतो’ ते ते स्पॅनिश माणूसही काढतो. फोटो काढणे साकार, बँकेतून पैसे काढणे साकार, सिनेमाची तिकिटं काढणे साकार, दाढ काढणे साकार, जीभ बाहेर काढणे साकार, परीक्षेत चांगले मार्क काढणे तेही साकारच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या सहा वापरांसाठी सहा नोंदी कराव्या लागतात. तुम्हाला एक पुरते. (लॅटिन अमेरिकेत फोटोसाठी तोमारही सर्रास चालतं. तेही चूक नाही.)

तोमारचं आणखी एक साम्य. मराठीत ‘ते घेतात’ एवढंच म्हटलं की काय घेतात ते सांगावं लागत नाही. लॅटिन अमेरिकेत ‘एल तोमा’ एवढंच म्हटलं तरी तोच अर्थ, तीच खालची पट्टी.

राहिला कोहेर. स्पेनमध्ये बस पकडणे, फोन उचलणे, वस्तू हातात घेणे यासाठी तो अगदी साधा, रोजचा शब्द आहे. मेक्सिको, अर्जेंटिना आणि आणखी काही देशांत मात्र तो संभोगासाठीचा असभ्य शब्द आहे. नवीन असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, तोमार किंवा आगार्रार वापरा. स्पेनमध्येही लोक समजून घेतात.

पायरी २: मराठीने आधीच केलेल्या वाटण्या वापरा

‘आस्क’: मागणे म्हणजे पेदीर, विचारणे म्हणजे प्रेगुन्तार. मदत मागणे, माफी मागणे, परवानगी मागणे, हॉटेलात जेवण मागवणे, सगळं पेदीर. पत्ता विचारणे, भाव विचारणे प्रेगुन्तार. एकच अपवाद बाळगा: ‘प्रश्न विचारणे’ला प्रेगुन्तार लावत नाहीत, ‘आसेर उना प्रेगुन्ता’ म्हणतात, म्हणजे आपल्या ‘प्रश्न करणे’सारखं.

‘प्ले’: खेळणे हुगार, वाजवणे तोकार. फुटबॉल हुगार, तबला तोकार. इंग्रजी माणसाला इथे दोन शब्द कशाला हवेत हेच कळत नाही आणि आपल्याला एकात कसे भागतात हे.

‘टाइम’: वेळ आहे का, यातला वेळ त्येम्पो. तीन वेळा, पुढच्या खेपेला, यातला बेस (अनेकवचन बेसेस). किती वाजले, याला ओरा. फक्त एवढं माहीत असू द्या की त्येम्पोचा अर्थ हवामान असाही होतो, त्यामुळे स्पॅनिश माणूस ‘त्येम्पो कसा आहे’ विचारत असेल तर त्याला पाऊस हवाय.

‘हॉट’: चहा गरम कालिएन्ते, मिसळ तिखट पिकान्ते, आणि उकडत असेल तर ‘आसे कालोर’. मला उकडतंय हे ‘तेंगो कालोर’. इथे इंग्रजीवरून ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हटलंत तर त्याचा अर्थ कामातुर असा होतो आणि समोरची मंडळी खोकायला लागतात.

‘फिश’ची वाटणी मला विशेष आवडते. पाण्यात पोहतो तोवर पेस, पकडून टोपलीत आला की पेस्कादो. पेस्कादो या शब्दाचा मूळ अर्थच ‘पकडलेला’. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको: मासा आणि मासळी. मासळी बाजारात पेस मागू नये.

‘कॉर्नर’: रस्त्याचा नाका एस्कीना, खोलीतला कोपरा रिंकोन.

बाकीच्या भराभर. सीट मोकळी आहे लिब्रे, फुकट आहे ग्रातिस. माणूस काम करतो त्राबाहार, मशीन चालतं फुन्स्योनार. पैसे खर्च करणे गास्तार, सुट्टी घालवणे पासार. परत येणे बोल्बेर, परत करणे देबोल्बेर. बस चुकली याला पेर्देर, घरच्यांची आठवण येते याला लॅटिन अमेरिकेत एक्स्त्रान्यार आणि स्पेनमध्ये एचार दे मेनोस. चव घेऊन बघणे प्रोबार, सदरा घालून बघणे प्रोबार्से, प्रयत्न करून बघणे इन्तेन्तार.

‘पण’साठी पेरो आणि सिनो असे दोन शब्द भेटतात. मराठीत ‘नाही, तर’ किंवा ‘नव्हे, तर’ बसत असेल तिथे सिनो. महाग आहे, पण छान आहे: पेरो. चहा नको, तर कॉफी हवी: सिनो. पहिली गोष्ट पुसून तिच्या जागी दुसरी ठेवायची असेल तेव्हाच सिनो.

मराठीने केलेलं सगळ्यात मोठं काम मात्र शब्दांत नाही, वाक्याच्या ठेवणीत आहे. ‘मला आंबे आवडतात’ हे ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आवडण्याचं क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही, दोन्ही भाषांत. एक आंबा असेल तर आवडतो, गुस्ता. इंग्रजीतून शिकणारे या एका क्रियापदापाशी दीर्घकाळ अडतात. तसंच ‘माझं डोकं दुखतंय’ला मे दुएले, आणि ‘माझ्या हातून ग्लास पडला’ला से मे कायो. मुद्दाम पाडला नाही हे दोन्ही भाषा व्याकरणातच सांगून टाकतात.

आणि तो ‘ला’. मी सिनेमा बघतो, पण मी मारियाला बघतो. स्पॅनिशमध्येही कर्म माणूस असेल तर त्याआधी ‘आ’ लागतो: बेओ ला पेलीकुला, पण बेओ आ मारिया. मराठीत ‘ला’ म्हणावंसं वाटलं आणि पुढे माणूस असेल, तर ‘आ’ लावा.

पायरी ३: मराठी जिथे दगा देते त्या जागा ओळखा

‘नो’ची वाटणी वरवर सोपी आहे. माहीत असणे साबेर, ओळखणे कोनोसेर. पोहता येतं, गाडी चालवता येते, हे ‘येणे’ सुद्धा साबेर. पण ‘तुला माद्रिद माहीत आहे का?’ हे मराठी वाक्य तुम्हाला साबेरकडे ढकलेल आणि तिथे हवंय कोनोसेर. कसोटी अशी: माहिती सांगता येते का, की प्रत्यक्ष संबंध आलाय? पत्ता, वेळ, उत्तर, कारण हे सांगता येतं, साबेर. माणूस, गाव, हॉटेल यांच्याशी परिचय असतो, कोनोसेर. ‘कोनोसेस माद्रिद?’ म्हणजे जवळपास ‘माद्रिद बघितलंयस का?’ भूतकाळात अर्थ आणखी सरकतो. ‘सुपे’ म्हणजे मला कळलं, ‘कोनोसी’ म्हणजे माझी पहिल्यांदा ओळख झाली.

येणे-जाणे ही दुसरी जागा. आई स्वयंपाकघरातून हाक मारते आणि आपण ओरडतो, ‘आलो!’ स्पॅनिश मुलगा त्याच वेळी ओरडतो, ‘बोय!’ म्हणजे जातो. स्पॅनिशमध्ये बोलणारा उभा आहे तिथपासून दिशा मोजतात. मी माझ्या जागेवरून हलून तुझ्याकडे निघालो, तर ते जाणंच. तोच नियम नेणे-आणण्याला: तुझ्या घरी येताना केक घेऊन येईन, हे फोनवर सांगायचं तर त्राएर नव्हे, येवार. कारण मी तो इथून नेतोय. निघताना ‘येतो’ म्हणायची आपली रीत तर तिकडे अगदीच निरुपयोगी. ‘मे बोय’ म्हणा, कुणी अपशकुन मानणार नाही.

तिसरी जागा ‘साठी’. पोर आणि पारा यांच्यावर शिकवण्यांचे तासच्या तास खर्ची पडतात, आणि ‘साठी’ हा एकच अर्थ दोघांना लावला की कायमचा घोळ. म्हणून ‘साठी’ उच्चारल्यावर थांबा आणि तो शब्द मोडून बघा. ‘खातर’ बसतंय? मग पोर. ‘मुळे’ बसतंय? पोर. ‘बद्दल’ बसतंय? पोर, म्हणून आल्याबद्दल धन्यवाद हे ‘ग्रासियास पोर बेनीर’. ‘च्या बदल्यात’, ‘च्या किमतीला’? पोर. ताशी शंभर किलोमीटरमधला ‘ताशी’? पोर. बागेतून, फोनवरून, त्या वाटेने? तेही पोर. उलट ‘ला द्यायला’, ‘करायला’, ‘च्या उपयोगाला’ किंवा ‘सोमवारपर्यंत’ बसत असेल तर पारा. ‘हे तुझ्यासाठी केलं’ यात तुला द्यायला केलं असेल तर पारा ती, आणि तुझ्याखातर, तू होतीस म्हणून केलं असेल तर पोर ती. हॉटेलात पार्सल हवं असेल तर ‘पारा येवार’, न्यायला.

पायरी ४: ‘आहे’साठी तीन प्रश्न

सेर आणि एस्तार या दोघांनाही मराठीत ‘आहे’ म्हणतात, त्यामुळे इथे नुसतं भाषांतर करून भागत नाही. बहुतेक पुस्तकं सांगतात की कायमचं ते सेर आणि तात्पुरतं ते एस्तार. हा नियम विसरून जा. माणूस मेला की ‘एस्ता मुएर्तो’, एस्तार. मरणाहून कायमचं काय असतं? आणि विद्यार्थी असणं चार वर्षांचं, तरी सेर.

त्याऐवजी स्वतःला हे प्रश्न विचारा.

‘आहे’च्या आधी ‘-लेला’ येतो का किंवा घालता येतो का? मेलेला, बसलेला, थकलेला, उघडलेलं, बंद केलेलं, लग्न झालेली. काहीतरी घडून ही अवस्था आली आहे, मग एस्तार. ही एक कसोटी निम्म्याहून जास्त वेळा उत्तर देते.

कुठे आहे असं विचारतोय का? वस्तू, माणूस, गाव असेल तर एस्तार. पण ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ बसत असेल, म्हणजे लग्न, सभा, मैफल, तर सेर. हॉल कुठे आहे, एस्तार. हॉलमधलं लग्न कुठे आहे, सेर.

‘कोण’ किंवा ‘कसला’ असं विचारता येतं का, की ‘या घडीला कसा’ असं? साहेब कसे आहेत, म्हणजे स्वभावाने, ‘कोमो एस’. साहेब कसे आहेत, म्हणजे ताप उतरला का, ‘कोमो एस्ता’.

काही विशेषणं सेरबरोबर एक आणि एस्तारबरोबर दुसरंच बोलतात. मराठीत त्यांना चक्क वेगळे शब्द आहेत, तेच लिहून ठेवा. लिस्तो: सेरबरोबर हुशार, एस्तारबरोबर तयार. आबुर्रिदो: कंटाळवाणा आणि कंटाळलेला. रीको: श्रीमंत आणि चविष्ट. बेर्दे: रंगाने हिरवा आणि कच्चा. आंबा ‘एस बेर्दे’ असेल तर जात हिरवी, ‘एस्ता बेर्दे’ असेल तर अढीत घाला.

पायरी ५: ‘होणे’ दिसलं की सावध

लाल झाला, डॉक्टर झाला, वेडा झाला, बहिरा झाला. इथे मराठी अगदी इंग्रजीसारखीच आळशी आहे. स्पॅनिश मात्र कसं झालं ते विचारते.

आधी बघा, मराठीत ‘होणे’ गाळून एकच क्रियापद आहे का. थकणे, चिडणे, सुकणे. असेल तर स्पॅनिशमध्येही बहुधा एकच असतं: कान्सार्से, एनोहार्से, सेकार्से. नसेल तर मग निवड करा. चेहऱ्यावर किंवा मनात क्षणभर आलं, लाल, उदास, घाबराघुबरा, तर पोनेर्से. स्वतःच्या मेहनतीने किंवा निर्णयाने, डॉक्टर, शाकाहारी, तर आसेर्से. स्वभाव किंवा डोकं पालटलं, वेडा, कंजूष, तर बोल्बेर्से. काहीतरी गेलं आणि माणूस त्यात उरला, बहिरा, विधुर, एकटा, तर केदार्से. पायऱ्या चढत शेवटी पोचला, मंत्री, अध्यक्ष, तर येगार आ सेर. आणि सुरवंटाचं फुलपाखरू झालं तर कोन्बेर्तीर्से एन. सीमारेषा थोड्या हलत्या आहेत, श्रीमंत होण्याला आसेर्से आणि बोल्बेर्से दोन्ही ऐकाल. सुरुवातीला पोनेर्से आणि आसेर्से एवढे दोन पक्के झाले तरी पुष्कळ.

पायरी ६: ओळखीचा वाटणारा शब्द म्हणजे धोका

इंग्रजीसारखे दिसणारे स्पॅनिश शब्द हजारो आहेत आणि बहुतेक प्रामाणिक आहेत. जे नाहीत ते महाग पडतात. एम्बारासादा म्हणजे गर्भवती. लाज वाटली हे सांगायचं तर ‘मे दा बेर्ग्वेन्सा’. एक्सितो म्हणजे यश, बाहेरचा रस्ता सालीदा. लिब्रेरीआ पुस्तकांचं दुकान, वाचनालय बिब्लिओतेका. आक्तुआल्मेन्ते म्हणजे सध्या. सेन्सीब्ले म्हणजे हळवा, समंजस नव्हे. आसिस्तीर म्हणजे हजर राहणे. मोलेस्तार म्हणजे फक्त त्रास देणे, त्यामुळे हॉटेलच्या दारावर ‘नो मोलेस्तार’ची पाटी बघून दचकू नका.

मराठी माणसाला एक जादा सापळा असतो, पोर्तुगिजांनी ठेवून गेलेला. साबण, चावी, पाव, मेज, पगार, बटाटा हे शब्द पोर्तुगीजमधून मराठीत आले आणि स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. त्यामुळे हाबोन, याबे, पान, मेसा हे चटकन लक्षात राहतात. पण पागार म्हणजे पैसे देणे हे क्रियापद, महिन्याच्या पगाराला सुएल्दो म्हणतात. आणि स्पॅनिशमध्ये बाताता मागितलात तर बऱ्याच ठिकाणी रताळं मिळेल. बटाटा स्पेनमध्ये पाताता, लॅटिन अमेरिकेत पापा.

पायरी ७: कुणाशी बोलताय ते ठरवा, मग खात्री करा

स्पॅनिश वीस देशांहून जास्त ठिकाणी चालते, त्यामुळे ‘योग्य शब्द’ हा प्रश्न देश ठरवल्याशिवाय पुरा होत नाही. कॉम्प्युटर स्पेनमध्ये ओर्देनादोर, पलीकडे कोम्पुतादोरा. मोबाइल मोबील आणि सेलुलार. फळाचा रस सुमो आणि हुगो. तोर्तिया म्हणजे मेक्सिकोत मक्याची पोळी, स्पेनमध्ये अंडी-बटाट्याचं जाड ऑम्लेट. नोकरीसाठी शिकत असाल तर ग्राहक कुठले आहेत ते आधी विचारा आणि तिथलेच शब्द धरा. दोन्हींची खिचडी कळते, पण ऐकणाऱ्याला खटकते.

‘यू’चंही तेच. तू म्हणजे तू आणि उस्तेद म्हणजे तुम्ही, इतकं सरळ सगळीकडे नाही. स्पेनमध्ये दुकानातला अनोळखी माणूसही तुम्हाला तू म्हणेल. कोलंबियात काही भागांत मित्र आणि भावंडंही एकमेकांना उस्तेद म्हणतात. अर्जेंटिनात तूच्या जागी बोस. कामाच्या पहिल्या पत्रात उस्तेद लिहा. समोरच्याने तू केलं की मग तुम्हीही करा. आणि आम्ही-आपण हा भेद शोधू नका, दोघांनाही नोसोत्रोस आहे. ऐकणारा धरून की वगळून, हे संदर्भावर.

शब्द निवडलात की तो उलटा तपासा. स्पॅनिश-इंग्रजी कोशात नाही, स्पॅनिश-स्पॅनिश कोशात. १७१३ मध्ये स्थापन झालेल्या रेआल आकादेमिया एस्पान्योला या संस्थेचा कोश इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यात कोणता अर्थ कोणत्या देशात चालतो तेही देशांच्या नावांच्या संक्षेपांनी दिलेलं असतं. व्याख्या पूर्ण कळली नाही तरी उदाहरणं बघा. यंत्राकडून भाषांतर करून घेत असाल तर सुटा शब्द कधीच घालू नका, पूर्ण वाक्य घाला, आणि आलेलं स्पॅनिश वाक्य अवतरण चिन्हांत टाकून शोधा. माणसांनी लिहिलेली तशी वाक्यं सापडली तर ठीक. नाही सापडली तर एक शब्द बदलून पुन्हा शोधा.

वहीत डावीकडे इंग्रजी शब्द लिहायची सवय मोडा. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे स्पॅनिश वाक्य, आणि खाली कोपऱ्यात देशाचं नाव. ‘टेक’ नावाचं पान करू नका. ‘काढणे’ नावाचं करा, ते लवकर भरतं.